अधिक-उणे किती?

आमच्या लॅबमध्ये धुळीचा कणही शिरू देत नसत. किस्से मात्र बिनदिक्कत शिरायचे आणि मुक्कामच ठोकायचे! सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यातली आमची लॅब, आजूबाजूच्या कारखान्यांची मापं बरोबर आहेत का ते तपासणारी. डॉ. वाघ आमचे प्रमुख. कांबळे मोजायचा, मी आकडेमोड करायचे.

वाघसरांचं म्हणणं एकच. कुठलंही माप अगदी तंतोतंत नसतं, म्हणून आकड्यासोबत तो किती चुकू शकतो तेही सांगायचं. कुणी नुसता आकडा सांगितला की म्हणायचे, "उघडा फिरवू नका बिचाऱ्याला! अधिक-उणे किती?" चहात दोन चमचे साखर म्हटलं तरी हेच.

*

उष्णतेनं पोलाद वाढतं, म्हणून लॅब बारा महिने वीस डिग्रीला. मे महिन्यात अख्ख्या कारखान्याची तातडीची कामं आमच्याकडेच निघायची! एकदा अकाउंट्सचे चौघे एकच फाइल घेऊन आले. सर म्हणाले, "माणूस म्हणजे शंभर वॅटचा बल्ब. चार बल्ब बाहेर व्हा!"

मागोमाग जनरल मॅनेजर आले. सरांनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं. "तुम्ही दोनशे!"

*

एकदा लासलगावला कांदे घ्यायला थांबलो. सर व्यापाऱ्याला म्हणाले, "कांदा सुकतो, वजन घटतं. हे वजन कधीचं?"

"लिलावात भाव फुटला तवाचं! साहेब, कांदा हाय, सोनं नाय!"

सरांनी निमूट पिशवी उचलली. अधिक-उणे विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

*

मग कांबळेचं लग्न निघालं. मुलगी सुशीला, नाशिकरोडला शिक्षिका. गडी पहिल्याच भेटीत गारद! त्याचे वडील नव्हते, म्हणून बोलणी करायला वडीलधारे म्हणून सर आणि बहिणीच्या नात्यानं मी.

मुलीच्या आत्यानं उंची विचारली. कांबळे म्हणाला, "पाच फूट पाच इंच, अधिक-उणे पाव इंच. सकाळी जास्त भरते, संध्याकाळी कमी."

"अगं बाई, मुलगा संध्याकाळी बुटका होतो!"

तेही निभावलं. पण मुलीचे वडील, भालेराव, रेल्वेत गार्ड. ते सरांना म्हणाले, "एकुलती एक पोर हाय. जावयाची नोकरी नाशकात राहील ना?"

लॅबला दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेची मान्यता मिळायची होती. ती नाही मिळाली तर लॅब बंद आणि आम्हा सगळ्यांची बदली कलकत्त्याला. सरांनी विचार केला आणि म्हणाले, "राहील. सत्तर टक्के."

भालेराव उठलेच. "सत्तर टक्के सिग्नलवर मी गाडी सोडत नाय!"

दुसऱ्या दिवशी कांबळेनं डबा उघडलाच नाही. मला सरांचा असा राग आला होता! शंभर म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?

*

मान्यतेसाठी दिल्लीहून एक पोलादी ठोकळा आला. त्याची लांबी मोजून कळवायची. आमचं अधिक-उणे धरूनही दिल्लीचा आकडा त्यात बसला नाही, तर खेळ खलास.

जनरल मॅनेजर म्हणाले, "अधिक-उणे एवढं मोठं? दिल्लीत हसतील. अर्धं करा."

सर म्हणाले, "करतो. ठोकळ्यालाही सांगा, आम्हाला अर्धंच चुकू दे म्हणून!"

आहे तेच कळवलं. निकाल आला. आमची लांबी चुकली होती, पण सांगितलं होतं तेवढ्यातच. अर्धं केलं असतं तर कलकत्ता! मान्यता मिळाली आणि माझा सरांवरचा राग गेला. कांबळेनं तीन डबे खाल्ले, त्यातला एक माझा.

*

पुन्हा भालेरावांकडे गेलो. सर दारातूनच म्हणाले, "लॅब नाशकातच. शंभर टक्के!" त्यांच्या तोंडून हा आकडा मी पहिल्यांदाच ऐकला.

"मग माझा हिरवा झेंडा," भालेराव म्हणाले. "पण पोरीचं पोरीलाच इचारतो. सुशीला, मुलगा पसंत हाय ना?"

चहाचा ट्रे घेऊन ती दारात उभी होती. "पसंत आहे."

आणि सरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अधिक-उणे किती?"

कांबळेचा चेहरा पांढराफटक!

सुशीलानं शांतपणे ट्रे खाली ठेवला आणि कांबळेकडे पाहिलं. म्हणाली, "उणं काय ते बाबांना सांगून झालंय. अधिक काय ते ह्यांनाच सांगेन!"