शुक्रवारी दहाला आक्का लाइन जोडायची

त्या शुक्रवारी सकाळी बरोबर दहाला फोन वाजला. आक्काचंच नाव होतं. मी चहाचा कप बाजूला ठेवून नेहमीसारखा म्हणालो, "बोल गं आक्के." पलीकडे आक्का नव्हती, तिची मुलगी वैशाली होती. "मामा… आई गेली. उठली का बघायला गेले, तर…" तेवढ्यात माझं लक्ष गेलं, लाइनवर कुवेतही होतं. म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा, त्यानेही ते त्याच क्षणी ऐकलं होतं. आम्ही दोघं भाऊ एका लाइनवर, आणि बहीण गेल्याची बातमी दोघांच्या कानात. घाबरलेल्या वैशालीने ग्रुपचं बटण दाबून सगळ्यांना एकदम फोन लावला होता. आक्काने असं कधीच केलं नसतं. ती एकेकाला जोडायची.

आक्का, म्हणजे आमची थोरली बहीण शालिनी, एका गिरणीच्या हेड ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होती. लग्नाआधी लागली आणि गिरणीला टाळं लागेपर्यंत तिथे होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि "एक मिनिट हं, लाइन देते" हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणायची कोण जाणे. घरीसुद्धा तोच खाक्या. लालबागच्या चाळीत शेजारणींचं भांडण मिटवायचं असलं तरी ती एकीला म्हणायची, "तू थांब, आधी तिचं होऊ दे." ऑपरेटरचा एक नियम ती आम्हाला अभिमानाने सांगायची… लाइन जोडून दिली की हेडफोन काढायचा, दोघांचं बोलणं ऐकायचं नाही. साहेबांची कितीतरी गुपितं तिच्या हातातून गेली असतील, पण तिने एकही घरी आणलं नाही.

इंटरनेटवरून फुकटात फोन होतो, आणि तोही चौघापाचांना एकत्र, हे वैशालीने तिला दाखवलं तेव्हा आक्का साठीच्या पुढे होती. दोन दिवसांत शिकली. मग तिने शुक्रवार ठरवला, कारण कुवेतला दादाची सुट्टी शुक्रवारी. माझी सुट्टी रविवारी, पण मला कोण विचारतो? मी तेव्हा नोकरीत होतो. दहा वाजता फोन घेऊन ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभा राहायचो आणि शिपाई मला पाहून हसायचा. आक्का आधी गावाला काकीला लावायची, मग दादाला, शेवटी मला. प्रत्येक वेळी जाहीर करायची, "सुऱ्या आला हं लाइनवर." काकी कणकवलीहून ओरडायची, "गो शालू, आयकाक येता मां?" आक्का म्हणायची, "काकी, हळू बोल, चाळ जागी होईल." पाच-दहा मिनिटांत काकीला तरी म्हशीला पाणी दाखवायचं असायचं, नाहीतर तिची रेंज जायची. मग लाइनवर उरायचो आम्ही तिघं. आणि त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

ते का, हे सांगायला मला अजून जड जातं. अकरा वर्षांपूर्वी आमचे बाबा गेले. शेवटचे चार महिने ते माझ्याकडे होते, परळला. त्यांचं अंग पुसणं, औषधं, उशाशी बसणं, सगळं मी केलं, आणि त्याचा मला गर्वही होता. दादा आला नाही. गेले त्या दिवशी त्याने फोन केला, "कंपनीने पासपोर्ट ठेवून घेतलाय रे, दोन दिवसांत सोडवतो आणि निघतो." माझं डोकं फिरलेलं होतं. थोरला असून अग्नी द्यायला तो नव्हता. मी म्हणालो, "आता येऊन काय करणार? राहा तिकडेच." त्याने ते मनाला लावून घेतलं आणि मी शब्द मागे घेतला नाही. वर्षाने तो आला, आक्काकडे उतरला, तेव्हा लालबाग ते परळ हे अंतर माझ्याने चालवलं नाही. ताठपणा आमच्या घरात पिढीजात आहे.

आक्काने आम्हाला कधी समोरासमोर बसवून समजावलं नाही. तिने फक्त दर शुक्रवारी लाइन जोडली. काकी लाइनवरून गेली की ती म्हणायची, "तुम्ही बोला रे दोघं, मी जरा गॅस बघून येते." फोन शिलाई मशीनवर तसाच ठेवून आत जायची. मग तिकडे कुवेतला दादा गप्प, इकडे जिन्यात मी गप्प, आणि मधोमध आक्काच्या स्वयंपाकघरातले आवाज. पातेल्यात डाव फिरल्याचा आवाज, भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज. दादाचा श्वास मला ऐकू यायचा. एकदोनदा तो खाकरला, बोलणार असं वाटलं… मी नखं कुरतडत राहिलो. पाचसात मिनिटांनी आक्का परत यायची. "झालं बोलून?" दादा म्हणायचा, "हो." मीही म्हणायचो, "हो, झालं." "बरं झालं," असं म्हणून ती दुसऱ्या विषयाकडे वळायची. वर्षानुवर्षं आम्ही दोघांनी मिळून तिला फसवलं. तेवढी एक गोष्ट आम्ही एकमतानं केली.

ती गेली तेव्हाही दादाला येता आलं नाही. मणक्याचं ऑपरेशन होऊन त्याला आठच दिवस झाले होते. वैशालीने फोनवरून त्याला आईचं अंत्यदर्शन घडवलं. ती फोन धरून फिरत होती आणि मी, साठी उलटलेला माणूस, त्या फोनच्या नजरेत येऊ नये म्हणून खांबाआड उभा राहिलो. आज ते आठवलं की माझी मलाच किळस येते.

बरोबर चौथ्या शुक्रवारी मी लालबागला गेलो. वैशालीला एकटं वाटू नये हे कारण. दहा वाजले. आक्काचा फोन मशीनवर होता, तो वाजला नाही आणि कोणी उचललाही नाही. मी म्हणालो, "या वेळी तुझी आई आत फोडणीला असायची." वैशालीने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "मामा, गॅस कधीच चालू नसायचा. शुक्रवारी आमचं जेवण नऊलाच तयार असायचं."

"मग ती भांडी?"

"रिकाम्या पातेल्यात डाव फिरवायची. तुम्हाला वाटावं की ती कामात आहे, ऐकत नाही. फोन स्पीकरवर असायचा, दाराशी स्टूल घेऊन बसायची आणि कान सगळा इकडे. मग तोंड धुऊन बाहेर यायची. मी एकदा म्हटलं, आई, ते बोलतच नाहीत गं. तर म्हणाली, माहीत आहे. लाइन चालू आहे ना, मग झालं."

ज्या बाईने आयुष्यात कोणाची लाइन ऐकली नाही तिने आमची ऐकली, आणि तिच्या कानावर काही आलंच नाही. आम्ही तिला हो म्हणत राहिलो आणि ती ते घेत राहिली. मला खूप रडू आलं. वैशालीने पाणी आणलं, ते तसंच राहिलं.

मग मी आक्काचाच फोन उचलला आणि कुवेतला लावला. दादाने पहिल्या घंटीला घेतला. "वैशू?" "दादा, मी सुरेश." अकरा वर्षांत त्याला हाक मारली नव्हती. वैशालीने जे सांगितलं ते सगळं मी त्याला सांगितलं, स्टूलसकट. मग त्याचा आवाज आला, म्हाताऱ्या माणसाचा.

"सुऱ्या, बाबांचं मला काहीच माहीत नाही रे. शेवटी काय खाल्लं, काय बोलले… आक्काला विचारलं की म्हणायची, सुऱ्याला विचार, तोच जवळ होता. दर शुक्रवारी विचारणार होतो. तू आधी काहीतरी बोलशील म्हणून थांबायचो."

मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो आणि त्या स्टुलावर बसलो. शेवटच्या सकाळी बाबांनी पेज मागितली होती. पेज निवेपर्यंत त्यांनी दोनदा विचारलं होतं, "मोठा आला काय रे?" हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. आक्कालासुद्धा नाही. मी तिथून सुरुवात केली.