चार बोटं वर

"कोपर दाखवा."

सरकारी नोकरीच्या पहिल्या दिवशी मला कोण काय विचारेल, याची मी घरी बरीच तयारी केली होती. हे वाक्य त्या तयारीत नव्हतं. हजेरीपटावर सही करून मी वळले, तर पन्नाशीच्या आसपासचा एक उंच माणूस हातात सुतळी घेऊन समोर उभा. मी इंग्रजी शाळेत वाढलेली. अनोळखी माणसाला कोपर दाखवावं की नाही, याबद्दल आमच्या शाळेत काही शिकवलं नव्हतं. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब फाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "दाखवा. त्याशिवाय ते हलणार नाहीत."

मी हात काटकोनात वाकवला. त्यांनी जमिनीपासून कोपरापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली, सुतळी खिशात टाकली आणि निघून गेले. चार दिवसांनी माझ्या टेबलाला टेकून एक काठी उभी होती.

ऑफिसात सगळे त्यांना मामा म्हणायचे, साहेबसुद्धा. आमचं काम होतं परभणी जिल्ह्यातल्या ठरलेल्या विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजायचं. एस.टी.ने फाट्यापर्यंत जायचं, तिथून चालायचं, विहिरीत फीत सोडायची, आकडा लिहायचा आणि पुढच्या विहिरीची वाट धरायची. मला हे काम आवडायचं, कारण विहिरी आपल्याला काही विचारत नाहीत. मामा रोजंदारीवरचे मदतनीस होते. फीत, वह्यांची पेटी आणि माझ्यासारखे नवे लोक सांभाळणं हे त्यांचं काम. काठ्यांचं काम त्यांना कोणी दिलेलं नव्हतं.

कपाटामागे त्यांच्या सतरा काठ्या उभ्या असायच्या. तुम्ही आम्ही काठी म्हणजे काठीच समजतो. मामा फिरतीचा कागद आधी वाचून घ्यायचे आणि मग काठी काढायचे. पूर्ण्याला रुळाच्या कडेने खडीवरून जायचं असेल तर बोरीची जड काठी, खाली लोखंडी साम बसवलेली. पालमकडच्या माळावर साम चालत नाही, खडकावर लोखंड घसरतं. तिथल्या काठीच्या टोकाला टायरचा तुकडा. लांब चालायचं असेल तर वेळूची हलकी काठी, मुठीच्या जागी जुन्या धोतराची पट्टी गुंडाळलेली. ही पट्टी दोन ठिकाणी असायची, एक कोपराच्या उंचीला आणि एक बरीच खाली. खालची चढासाठी. "चढाला काठी आखूड धरायची, उताराला चार बोटं वर," ते प्रत्येकाला सांगायचे. ऐकणारा ऐकतोय की नाही, हे बघायला ते थांबत नसत.

आमच्या क्लार्कचा भाऊ पोलीस भरतीसाठी रोज सकाळी कालव्याच्या भरावावर आणि शेतातून पळायचा. मामांनी त्याचंही कोपर बघितलं आणि सगळ्यांत बारीक वेळू दिला. पळणाऱ्याची काठी टेकायची नसते, मधोमध धरून न्यायची असते, चढ आला तर दोन टेके द्यायचे आणि पुन्हा उचलायची, असं त्याला सांगितलं. पळण्यात तो पास झाला, छातीच्या मापात गेला. क्लार्कने हे मामांना सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "छातीचं माझ्याकडं न्हाई."

माझी काठी मी सुरुवातीला नेली नाही. तेवीस वर्षांच्या मुलीने काठी टेकत गावात शिरायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. पहिली फिरती पेडगावच्या शिवारात होती, पाऊस नुकताच उघडला होता. दुसऱ्या विहिरीच्या अलीकडे माझा उजवा पाय काळ्या मातीत गेला. तो काढण्यासाठी डावा रोवला, तोही गेला. चपला माझ्याआधीच आत पोचल्या होत्या. मामा बांधावर उभे होते. त्यांच्या हातात स्वतःची काठी होती आणि बगलेत माझी. फाट्यापासून ती त्यांनीच आणली होती. तिच्या टोकाच्या जरा वर टायरची गोल चकती ठोकलेली होती. काठी चिखलात बुडू नये म्हणून ती असते, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. मी बाहेर आले. "माप बरोबर बसायलंय का बघा," मामा एवढंच म्हणाले. बरोबर होतं.

काही गावांत विहिरीपाशी पोचलं की ते फीत माझ्या हातात द्यायचे. "इथं तुमी सोडा." मला वाटायचं, शिकवायला म्हणून. त्या गावांत त्यांच्या हातची फीत विहिरीत चालत नव्हती, हे कळायला मला दोन हंगाम लागले. पुढच्या वेळी त्यांनी सांगायच्या आधीच मी फीत घेतली. ते बरं केलं की वाईट, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मला बोलायचं नसतं, त्यामुळे बघायला वेळ मिळतो. मामांना प्रत्येक झाडाची, बांधाची, भांडणाची हकिगत माहीत होती. पण त्यांच्या हकिगती नेहमी चढाच्या मध्यावर सुरू व्हायच्या आणि धाप उतरली की संपायच्या. उतारावर ते आडवे उतरायचे. एस.टी.तून उतरताना आधी काठी, मग उजवा पाय, मग बऱ्याच वेळाने डावा. डावा गुडघा गेलेला होता. मी हे कोणाला सांगितलं नाही आणि त्यांनीही मला सांगितलं नाही. एवढ्यावर आमचं चांगलं चाललं होतं.

न सांगण्याचं कारण ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. रोजंदारीवरच्या लोकांना कायम करायची यादी वर गेली होती. त्यात मामांचं नाव पहिलं होतं. एकोणीस वर्षांनंतर ते पहिलं आलं होतं. अट एकच, फिरतीचं काम करण्यास शरीराने योग्य असल्याचा सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला. दाखल्याची तारीख यायची होती.

त्या थंडीत विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलं. गावोगाव पोलीस आले आणि जिल्ह्यात पंधरा दिवसांचा मनाई आदेश निघाला. आदेशाची प्रत आमच्या ऑफिसातही आली. शस्त्रं, तलवारी, भाले, लाठ्या, काठ्या घेऊन फिरण्यास बंदी. मामांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. दुसऱ्या वेळी 'काठ्या'पाशी मला थांबवलं. भाल्यांच्या रांगेत आपल्या काठीचं नाव आलेलं बघून त्यांना जरा बरं वाटलं असावं, असा मला संशय आहे.

शेवटी एक सवलत होती. वृद्ध किंवा अपंग असल्यामुळे काठीशिवाय ज्यांना चालता येत नाही, त्यांना हा आदेश लागू नाही. साहेब भले गृहस्थ होते. ते म्हणाले, मामांसाठी तसं एक पत्र करून टाका, उगीच वाटेत कोणी अडवायला नको. मी मसुदा लिहिला. सदर कर्मचारी काठीशिवाय चालू शकत नाहीत.

मामा टेबलापाशी आले. "हा कागद फायलीला लागंल का?"

"लागेल."

"त्याच फायलीला?"

"त्याच."

"मग राहू द्या," ते म्हणाले. मी मसुदा ड्रॉवरमध्ये ठेवला. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मी आठवण करून दिली नाही.

दोन दिवसांनी आमची पालमकडची फिरती होती. मामा काठी घेऊनच आले. एकोणीस वर्षांची सवय होती, की त्यांनी काही ठरवलं होतं, सांगता येत नाही. फाट्यावर एस.टी.तून उतरलो तर समोर पोलीस चौकी. दाराशी एक हवालदार खुर्ची टाकून उन्हात बसला होता. त्याने आधी माझ्या काठीकडे बघितलं, मग खांद्यावरच्या फितीच्या डब्याकडे.

"म्याडमची राहू द्या. कुत्र्याला लागती," तो म्हणाला. मग मामांकडे वळला. "तुमची?"

मामांनी काठी पायाजवळ घेतली.

हवालदार वाईट माणूस नव्हता. मामांना एस.टी.तून उतरताना त्याने बघितलं होतं. त्याने वही उघडली, पेन काढलं आणि आवाज खाली आणला. "मामा, चालता येत नसंल तर तसं सांगा. खात्याचं नाव सांगा, नोंद करतो, काठी घेऊन जावा. माझं काय जायलंय?"

आता सगळं मामांच्या ओठांवर होतं. एक 'नाही' म्हणायचं, आणि काठी हातात राहणार होती. वही कुठे जाते आणि तिथून कागद कुठे जातो, हे मात्र त्या हवालदारालाही माहीत नसणार. मामांनी त्या वहीकडे बघितलं.

"येतं की," मामा म्हणाले. "लय येतं."

त्यांनी काठी चौकीच्या कोपऱ्यात नेऊन उभी केली. ती सरकू नये म्हणून तिचं टोक फरशीच्या भेगेत नीट बसवलं. मग ते रस्ता ओलांडून शेतात शिरले, अगदी ताठ, हवालदाराच्या नजरेच्या टप्प्यात असेपर्यंत.

दोन विहिरी सपाटीवर होत्या. तिसरी माळावर. चढताना मामांनी चार हकिगती सांगितल्या, त्यांतल्या दोन मी आधी ऐकल्या होत्या. मी फीत सोडली, आकडा लिहिला. उताराच्या तोंडाशी येऊन मामा थांबले. इथे हकिगत सांगायला काही नव्हतं. खाली कापूस वेचणाऱ्या बाया दिसत होत्या.

मी माझी काठी पुढे केली.

त्यांनी मान हलवली. "तुमच्या कोपराची हाय ती. मला बुटकी पडती." मग म्हणाले, "अन् माझ्या हातात दिसली, तर तुमाला बी तरास."

मी एक पाऊल खाली उतरले, त्यांच्याकडे पाठ केली आणि डावा हात काटकोनात वाकवला. पहिल्या दिवशी वाकवला होता तसाच.

बराच वेळ काही झालं नाही. त्यांनी खाली बायांकडे बघितलं असेल, मागे विहिरीकडे बघितलं असेल. मी वळून पाहिलं नाही. मग कोपरावर हात आला. जड होता. आम्ही दोन पावलं उतरलो आणि मामा थांबले.

"चार बोटं वर," ते म्हणाले.

मी कोपर चार बोटं वर घेतलं. तसे आम्ही खाली आलो. बायांनी वेचणी थांबवून बघितलं आणि पुन्हा वेचायला लागल्या.

सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मामांना दहा पावलं चालायला लावलं. तिथली फरशी सपाट होती. मामा कायम झाले. ऑफिसात पेढे आले.

पंधरा दिवसांनी मनाई उठली. काठी आणायला जायचं का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "चालता येतं म्हणून सांगून आलोय." त्यानंतर कपाटामागच्या काठ्यांतून त्यांनी स्वतःसाठी एकही काढली नाही. निवृत्त होईपर्यंतची तीन वर्षं येणाऱ्या प्रत्येकाचं कोपर मापलं, प्रत्येकाला माती बघून काठी दिली आणि स्वतः हात हलवत चालले. फिरतीला मी त्यांच्या डाव्या बाजूने चालायचे.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी ते गेले. ऑफिसात दोन मिनिटं उभं राहून आम्ही पुन्हा खाली बसलो. कोणीतरी कपाटामागे बघितलं.

त्यानंतरच्या फिरतीला मी पालमच्या त्याच फाट्यावर उतरले. चौकीत वेगळा हवालदार होता. खिडकीची एक झडप वाऱ्याने आपटू नये म्हणून तिला एका काठीचा टेका दिला होता. धोतराच्या पट्ट्या दोन ठिकाणी. मी बराच वेळ रस्त्यावर उभी होते. मग आत जाऊन म्हटलं, ती काठी हवी होती.

"तुमची हाय का?" हवालदाराने विचारलं.

मी हो म्हणाले. त्याने माझ्याकडे बघितलं, काठीकडे बघितलं आणि झडपेला टेकवायला एक वीट शोधून आणली.

ती काठी आता माझ्या घरी आहे. दुसऱ्याच्या मापाची आहे. माझ्या कोपरापेक्षा चार बोटं वर येते. उताराला मी तीच नेते.