सातातला सातवा

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा ग्रामपंचायतीत निवडून आलो. शाळा दुसरीपर्यंत. पण सही करतो, अंगठा उठवत नाही. सरपंच थेट लोकांनी निवडलेला, एका पक्षाचा. सदस्य सात. तीन त्याच्या पक्षाचे, तीन दुसऱ्या पक्षाचे, सातवा मी. कुणाचाच झेंडा घेणार नाही असा आमच्या पाखाडीला, म्हणजे वाडीला, शब्द दिला होता, त्या शब्दावरच मतं मिळाली.

निकाल लागला आणि ज्यांनी कधी रामराम घातला नव्हता ते विचारू लागले, "काका, तब्येत कशी हाय?" मला तेव्हाच वास आला.

पहिल्या सभेच्या आदल्या दिवशी सरपंचाने सत्काराला बोलावलं. शाल पुढे आली. मी ती आधी झटकली. घडीत पक्षाचा पट्टा असतो, खांद्यावर पडला की फोटो निघतो आणि माणूस गेला, हे मी चौलच्या एका सत्कारात पाहिलं होतं. पट्टा निघाला नाही. तरी शाल घेतली नाही.

"निदान नारळ तरी घ्या," सरपंच म्हणाला.

नारळाला कसला आलाय रंग? घेतला. दुपारी दुसऱ्यांनी बोलावलं. तिथेही शाल झटकली, नारळ घेतला.

संध्याकाळी सून मोबाईल घेऊन आली. "बाबा, तुम्ही दोन पक्षांत गेलात." दोन फोटो, दोन्हींत मी, हातात नारळ. एकाखाली लिहिलेलं, चार सदस्य आमचे, ग्रामपंचायत आमची. दुसऱ्याखालीही तेच. सातांचे आठ झाले होते.

शेजारणीने माझ्यासाठी दारोदार मतं मागितली होती. ती कुंपणावरून ओरडली, "भावोजी, दोघांनी नारळ दिला म्हणजे घरीच बसवलं की तुम्हाला!" हसली. मग हळूच म्हणाली, "पण लोकांना मी आता काय सांगू?"

ते लागलं. "काय न्हाय सांगायचं. उद्या पंचायतीत ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही नारळ पिशवीत घालून गेलो आणि सगळ्यांदेखत टेबलावर ठेवले. शेजारीण दारात उभी होती.

"ह्यातला आमचा कोणता?" सरपंचाने विचारलं.

"मला न्हाय ओळखू येत. तुम्ही दोन्ही पक्षवाले ठरवा."

मग ग्रामसेवकाकडून हजेरीचं पुस्तक घेतलं, नावापुढे पक्षाचा रकाना नाही ना, हे बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचलं, आणि सही केली.