आगाऊ बांधलेल्या चिंध्या

आधी चूक सांगून टाकतो. दादाच्या द्राक्षबागेतल्या चार ओळी माझ्यामुळे बिघडल्या आणि त्याचा ठपका मी सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांवर पडू दिला. त्या वेळी मीही शेतीच करत होतो. फक्त ती तळहातावर मावणारी होती.

पिंपळगावजवळच्या या बागेतून मी ठरवून पळालो होतो. कारखान्यात नोकरी लागल्यावर पुन्हा चिखलात पाय घालणार नाही, असं चारचौघांत सांगितलंही होतं. मग चाळिशीच्या तोंडावर मुलासाठी हातात धरायचा व्हिडिओ गेम घेतला. त्यात शेतीचा खेळ होता. मुलाच्या हाती तो गेम पुन्हा फारसा लागला नाही.

त्या शेतात भुरी-डावणीसारखे द्राक्षांचे रोग नव्हते, गारपीट नव्हती. माल दाराजवळच्या पेटीत टाकायचा, संध्याकाळी एक माणूस येऊन तो घेऊन जायचा आणि रोख पैसे द्यायचा. त्याने कधी मालाकडे पाहून नाक मुरडलं नाही. हे मी पिंपळगावच्या एखाद्या बागायतदाराला सांगितलं असतं, तर त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. गाईला रोज कुरवाळलं की ती दूध जास्त द्यायची. मी न चुकता कुरवाळायचो. दादाच्या गोठ्यात मात्र नाकाला रुमाल लावून जायचो, याची आठवण वहिनी करून द्यायची.

त्या वर्षी ऐन डिपिंगच्या वेळी दादाला कावीळ झाली. मणी ज्वारीएवढे झाले की मजूर मगात औषधाचं पाणी घेऊन एकेक घड त्यात बुडवतात. त्याने मणी फुगतो. कुठली ओळ झाली हे कळावं म्हणून झालेल्या ओळीच्या पहिल्या खांबाला चिंधी बांधायची, एवढंच काम दादाने माझ्यावर सोपवलं होतं. मी रजा टाकून गेलो. गेम खिशात होता.

दर ओळीला उठावं लागायचं आणि तेवढ्यात गेममधली माझी कोंबडी उपाशी राहायची. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी पुढच्या चार ओळींना आधीच चिंध्या बांधून टाकल्या. कारखान्यात याला नियोजन म्हणतात.

जेवून मजूर परतले. टोळीची प्रमुख बाई चिंध्या पाहून थबकली.

"भाऊ, या ओळी आम्ही केल्याचं आठवत नाही."

"चिंधी आहे ना? मग झाल्या," मी मान वर न करता म्हणालो. माझे टोमॅटो तोडणीला आले होते.

खुडणीच्या वेळी त्या चार ओळींचे मणी बारीकच राहिलेले दिसले. व्यापाऱ्याने त्यांचा माल बाजूला काढला. मजुरांनी ओळी गाळल्या, असं दादा म्हणाला. मी मान डोलावली. बोललो असतो तर थोरल्या भावाने मला हसून सोडून दिलं असतं. तेच मला नको होतं.

पुढच्या छाटणीला ती टोळी बोचकी घेऊन दारात आली, तेव्हा मी योगायोगाने तिथेच होतो. दादाने ओट्यावरूनच सांगितलं की ओळी गाळणाऱ्यांना इथे काम नाही.

"चिंध्या होत्या, दादा," बाई म्हणाली.

"आन् त्या काय आपोआप बांधल्या गेल्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्यामागे दहा-बारा माणसं हंगामाच्या कामासाठी घर सोडून आली होती. खेळात कुणी रुसलं तर त्याला रोज एक अंडं नेऊन द्यायचं, हळूहळू त्याचा राग जातो. इथे अंडं चालणार नव्हतं.

मी दादाला सगळं सांगितलं. कोंबडीसुद्धा सांगितली. "खरी बाग सोडून पळाला, आन् डबीतली राखत बसला," एवढंच तो म्हणाला. मग त्याने टोळीला सामान उतरवायला सांगितलं. बाकीच्यांनी उतरवलं. बाईच्या डोक्यावरचं बोचकं तसंच होतं.

मी ओट्यावरून खाली उतरलो.

"ताई, चिंध्या मीच आधी बांधल्या होत्या. तुम्ही विचारलंत तेव्हाही मी खेळत होतो. खुडणीपासून तुमच्यावर आळ राहिला आणि मी गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ करा."