सुतळीच्या दाढ्या

सुतळी पिंजली की तिला रॉकेलसारखा वास सुटतो, आणि मला वाटूरजवळच्या आमच्या छोट्या चर्चमधला तो उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आठवतो. येशूच्या मरणाच्या दरवर्षीच्या नाटकात पोरं सुतळीच्या दाढ्या लावून यहुदी, म्हणजे ज्यू, व्हायची आणि ‘याला वधस्तंभावर खिळा’ म्हणून ओरडायची. त्या वर्षी आमच्या पास्टरसाहेबांनी दुसऱ्या महायुद्धातल्या यहुद्यांच्या कत्तलीवरचं एका अभ्यासकाचं पुस्तक वाचलं होतं; चर्चमधून पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेला द्वेषच शेवटी तिथवर गेला, असं त्यात होतं. ते म्हणाले, “यंदा दाढ्या नकोत. ती आरोळी आपण सगळ्यांनी बाकांवरून द्यायची.” वेळ आली तेव्हा पत्र्याखाली नुसता उकाडा आणि पंख्याची घरघर, कुणी तोंडच उघडेना. शेवटी पुढच्या बाकावरची एक म्हातारी चिडून म्हणाली, “आपुन कशाला मारू त्याला? आपुन तर रोज प्रार्थना करून राह्यलो!” पास्टरसाहेब म्हणाले, “शेजारच्या यहुद्यांना गाड्यांत कोंबून नेत होते, तेव्हा खिडकीतून बघणारेही रोज प्रार्थना करत होते, मावशी.” मग ते एकटेच ओरडले, फाटक्या आवाजात. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली आणि दाढ्या परत आल्या. काल माझ्या मुलाला मी दाढी बांधत होतो, तर तो म्हणाला, “पप्पा, टोचून राह्यली.” मी गाठ आवळली.