पान चौदावरची आजी

तिसरी घंटा झाली असं समजा. पडदा वर जातो. सोलापूरच्या जुळे सोलापूर वसाहतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दुपारचे तीन, बाहेर चैत्राचं ऊन. सामान बेताचं: एक टेबल, रंगांच्या बश्या, पाण्याचा पेला, एक खुर्ची. दुसरी खुर्ची मांडायची विसरलेली नाही. या घरात कुणी बसायला येत नाही.

खुर्चीत सिद्धलिंग, वय अडतीस. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो सरकारी खात्यात इंजिनियर होता. पुलांचे नकाशे काढायचा, आणि कोपऱ्यात बारीकशी शेळी किंवा डोक्यावर मातीची पाटी घेतलेली बाई काढून मग खोडून टाकायचा. एक दिवस ती बाई खोडवेना. त्यानं राजीनामा दिला आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढू लागला. ऑफिसातले मित्र चार महिने फोन करत राहिले. मग पडलेल्या नाटकाचे प्रेक्षक उठतात तसे एकेक करून उठून गेले. भांडण झालं नाही, निरोपही नाही.

आई कमलम्मा अक्कलकोटच्या घरात, धाकट्या विरेशजवळ. रोज दुपारी तिचा फोन यायचा.

"जेवलास?"

"जेवलो, अव्वा."

एवढाच संवाद. त्याच्या कामाबद्दल तीन वर्षांत तिनं शब्द काढला नव्हता. अव्वानं एकदा चित्र हातात घ्यावं आणि हेही काम आहे म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

यंदा पुण्याहून चित्रांसाठी एक पुस्तक आलं. नातवंडं आजीचा वाढदिवस करतात अशी गोष्ट. त्यानं आजीला अव्वाचा चेहरा दिला. भिंतीला टेकून मांडी घातलेली, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचा हार, समाधानानं मिटलेले डोळे. संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "पान चौदा फार सुरेख झालंय. सोमवारी छपाईला जातंय."

रविवारी सकाळी त्या पानाची प्रत घेऊन तो अक्कलकोटला गेला.

"या, इंजिनियरसाहेब," विरेश दारातच म्हणाला. "कागदावरचा पूल झाला का बांधून?"

"झाला की. तुझ्या दारापर्यंत आणलाय."

कमलम्मा आत भाकरी थापत होती. तिनं हात धुतले, चष्मा लावला, कागद घेतला. सिद्धलिंग विंगेत उभ्या असलेल्या नव्या नटासारखा घाम पुसत राहिला.

"ही मी हाय?"

"व्हय, अव्वा."

"मला बसवलास की रे तू."

त्याला उमजेना. तिनं सोप्यातल्या भिंतीकडे बोट केलं.

"तुझे अप्पा तितं बसलेले. असंच. डोळं मिटून."

त्यांच्या लिंगायत समाजात माणूस गेला की आडवा ठेवत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, हार घालून भिंतीशी मांडी घालून बसवतात आणि बसलेलाच मातीला देतात. सहा वर्षांपूर्वी वडील, चनबसप्पा, तिथे बसले होते तेव्हा सिद्धलिंग दुपारभर समोर होता. त्यानंतर कुठल्याच माणसाकडे तो इतका वेळ बघत बसला नव्हता. बघायला माणूस होतं कुठं? डोळ्यांनी जे पाहिलं होतं तेच हातानं काढलं. पुण्यात कुणाच्या ते ध्यानात येणार नव्हतं. त्याच्या स्वतःच्याही आलं नाही.

"फाडून टाकतो, अव्वा."

"फाडतोस कशाला? काम चांगलं केलास. अप्पाच दिसतेत." कागद त्याच्या हातात देऊन ती परातीशी बसली. "पण मी आजून भाकरी करते की. ते कुटं काढलास? येतोस कवा बघाया?"

जेवणं झाली. निघताना तिनं तीन भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या.

सोलापूरच्या गाडीत त्याला खिडकी मिळाली. शेजारची जागा रिकामी होती, तिथे त्यानं भाकऱ्या ठेवल्या. फडकं अजून कोमट होतं. तीन वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं, आणि तो त्याच एका खुर्चीकडे परत निघाला होता. कंडक्टरनं दार ओढलं, तसा तो उठला, भाकऱ्या घेतल्या आणि खाली उतरला. स्टँडवर उभं राहून त्यानं पुण्याला फोन लावला.

"पान चौदा थांबवा, मॅडम. नवीन काढतो."

संपादकबाई वैतागल्या. छपाई उद्यावर आली होती, आणि असला खोळंबा करणाऱ्याला पुढचं पुस्तक कोण देणार? "आणि त्या चित्रात चुकलंय तरी काय?"

गाडी निघून गेली. फोन कानाशी धरूनच तो घराच्या वाटेला वळला.

"आई जिवंत आहे माझी, मॅडम. दोन दिवस द्या."