डांबराला चाक लागता कामा नये

माळावरून चालत आलं की लुगड्याला कुसळं लागलेली असतात. ती गोळा करायला कोणी मुद्दाम जात नाही. घरी आल्यावर पाय पसरून बसावं, एकेक वेचावं, आणि वेचता वेचता कळतं की बरीच होती की! आमच्या ह्यांच्या सायकल मंडळाचे किस्से तसेच. मी जमवायला गेले नव्हते.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही कल्याणला राहायचो. मंडळात माणसं तीन. हे, म्हणजे माझे यजमान, कापडाच्या दुकानात कापड फाडायचे. केळकर मास्तर शाळेत कवायत शिकवायचे, आणि घरीसुद्धा. बाळू कंपाउंडर दवाखान्यात बाटल्या भरायचा. रविवार उजाडला की तिघं सायकली घेऊन गांधारीला जायचे, होडीनं उल्हास नदी ओलांडायचे, आणि पलीकडं माळरानातून, जंगलातून, मुरमाच्या गाडीवाटांवरून दिवसभर हिंडायचे. तिकडं मोटार म्हणून दिसायची नाही. दुपारी जेवायला माझ्या माहेरी. जंगल संपून उतार लागतो तिथं आमचं गाव, आणि घरात आई एकटी.

मला मात्र माहेरी जायचं तर दिवाळीची वाट बघायची. मोटार जात नव्हती, बैलगाडीला अख्खा दिवस लागायचा. म्हणजे दर रविवारी माझ्या आईच्या हातचं नवरा जेवायचा, आणि मी घरी बसून विचारायची, काय होतं आज?

*

मंडळाचा नियम एकच होता. डांबराला चाक लावायचं नाही.

झालं होतं असं की एकदा आग्रा रोडवर एका ट्रकनं मास्तरांच्या पांढऱ्या पॅंटवर चिखल उडवला. पॅंट इस्त्रीची होती. मास्तर तिथंच उतरले आणि म्हणाले, "हा रस्ता आपल्यासाठी संपला." त्यांच्यासाठी तो खरंच संपला.

पण स्टेशनाकडून येणारा रस्ता डांबरी झाला आणि तो गांधारीच्या वाटेत आडवा यायला लागला. आता काय करायचं? तर तिघं रस्त्याच्या कडेला उतरायचे, सायकली खांद्यावर घ्यायचे, डांबर ओलांडायचे आणि पलीकडच्या मातीत सायकल ठेवून पुन्हा बसायचे. एका रविवारी हवालदारानं हटकलं.

"सायकली चोरीच्या?"

"आमच्याच आहेत," हे म्हणाले.

"मग खांद्यावर कशाला?"

"खाली डांबर आहे."

हवालदारानं खाली बघितलं. डांबर होतं. त्यानं हात दाखवून एक टांगा थांबवला आणि तिघांना जाऊ दिलं.

*

होडीत सायकल धरून उभं राहावं लागायचं. बाळूला त्याचा कंटाळा. एकदा तो होडीतच सायकलवर बसला, एक पाय होडीच्या कडेवर टेकवून. म्हणाला, "नदीसुद्धा सायकलवरून ओलांडली असं सांगता येईल."

पलीकडचा काठ जवळ आला. होडी चिखलाला लागणार हे दिसल्यावर बाळूनं दोन्ही ब्रेक आवळले.

सायकल थांबली. होडी थांबली नाही.

बाळूला चिखलातून काढताना नावाडी एवढंच म्हणाला, "पुढच्या खेपेला घंटी पन वाजवा."

*

ताकाचा किस्सा मी कितीदा सांगितलाय, तरी लोकांना खोटा वाटतो.

भर माळावर ह्यांची सायकल पंक्चर झाली. पंक्चर शोधायचं तर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघावे लागतात, आणि मे महिन्यात माळावर पाणी कुठलं? तेवढ्यात एक बाई डोक्यावर ताकाचं मडकं घेऊन निघालेली दिसली. मास्तरांनी तिच्याकडून सगळं ताक विकत घेतलं, म्हणाले पातळ ते पातळ, आणि ट्यूब मडक्यात बुडवली.

आता नुकतंच घुसळलेलं ताक ते. बुडबुडे सगळीकडंच!

मास्तर शिस्तीचे. जिथं जिथं बुडबुडा दिसला तिथं तिथं त्यांनी खूण केली, आणि प्रत्येक खुणेवर ठिगळ लावलं. डबीतली ठिगळं संपली तेव्हा काम थांबलं. हवा भरली, निघाले, आणि शंभर पावलांवर पुन्हा फुस्स. काटा टायरातच होता.

*

रविवारी संध्याकाळी हे आले की मी विचारायची, "आई कशी आहे?"

"बऱ्या आहेत. पिठलं झकास झालेलं."

"आणखी काय म्हणाली?"

"भाकरी गरम होती."

असं वर्षभर चाललं. पिठल्याची तब्येत मला दर आठवड्याला कळायची, आईची नाही.

बाळू जरा बोलका, आईला मावशी म्हणायचा, म्हणून एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, मावशींना सायकलचा भारी नाद. दर वेळी एकच विचारतात, समोरच्या खिंडीतनं सायकल जाते का?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"मास्तर सांगतात ना. चढ कसा मारायचा, दम कुठं घ्यायचा, सगळं. मावशी भाकरी थापता थापता ऐकून घेतात."

खिंडीपलीकडं आईचं माहेर. तिथं तिची धाकटी बहीण. त्या तिघांत कोणालाच ते ठाऊक नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

*

मग एका रविवारी हे येऊन म्हणाले, "आईंचं आता बरं चाललंय हं. बसल्या जागेवरून उठत नाहीत. पाणी शेजारीण भरून देते, लाकडं शेजारीण आणते. चांगला आराम आहे."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. माझी आई आजारपणातसुद्धा बसलेली मी बघितली नव्हती.

मी म्हटलं, "मला घेऊन चला. कॅरिअरवर बसते."

ह्यांची ना नव्हती, पण मंडळाचं कसं? तिघांनी आमच्याच ओटीवर बैठक घेतली. चहा मीच केला. कॅरिअरवर डबा चालेल, माणूस चालणार नाही, मुरमात चाक रुततं, असं ठरलं. शेवटी मास्तर मला म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. मंडळात यायचं तर ज्यानं त्यानं आपल्या सायकलवर, आपल्या पायांनी यावं. शिस्त म्हणजे शिस्त."

त्यांनी नाही म्हटलं होतं. मी शब्द तेवढे लक्षात ठेवले.

*

ह्यांची सायकल आठवडाभर घरातच असायची. डांबर लागेल म्हणून हे दुकानात चालत जायचे. दुपारी मी ती खाडीच्या काठावरच्या गवतात न्यायला लागले. धरायला आमची कोळीण सखू. पाटी विकून झाली की ती यायची आणि मागून सीट धरायची. नऊवारीला कासोटा असतो, त्यामुळं सायकलच्या मधल्या दांड्याची मला कधी अडचण झाली नाही. धोतरवाल्यांना व्हायची.

संध्याकाळी हे सीट पुसताना नाक मुरडायचे. "ह्या सायकलला बोंबलाचा वास कसा येतो गं?"

"खाडीचं वारं," मी म्हणायची.

पंधरवड्यात मी तोल सांभाळायला शिकले. दगडावर चढून बसायचं, पाय मारायचे, जायचं. उतरणं मात्र जमेना. उतरायची वेळ आली की मी कुठल्या तरी झुडपात शिरायची. सखू म्हणाली, "बाय, आणखी आठ दिस थांब. उतराया शीक."

मी म्हटलं, "माहेरी जायचंय सखू. वाटेत उतरायचंय कुणाला?"

*

पुढच्या रविवारी मी भाड्याची सायकल घेऊन दारात उभी. बाळू हसला. हे मास्तरांकडं बघायला लागले. मास्तर माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हटलं, "आपली सायकल, आपले पाय."

मास्तरांनी शिट्टी वाजवली. निघाले सगळे. नदीपर्यंत मी सायकल हातात धरून चालतच गेले; ती खांद्यावर घेणं मला जमेना, तेव्हा डांबरही तसंच ओलांडलं, चाकं टेकवून. मास्तरांनी तेवढा वेळ मान दुसरीकडं वळवली. होडी झाली. पलीकडच्या काठावर दगड शोधला, चढून बसले, आणि माळ लागला.

काय सांगू, मोकळा माळ! चाकाखाली मुरूम करकरतो, टिटव्या ओरडत उठतात, बाकी कुठं आवाज नाही. मी मनात म्हटलं, हे असं होतं होय? आणि हे घरी येऊन मला पिठल्याचं सांगत होते.

जंगलाच्या तोंडाशी बाळूची सायकल पंक्चर झाली. एकाचं पंक्चर म्हणजे सगळ्यांनी थांबायचं, हीसुद्धा मंडळाची रीतच. मास्तरांनी शिट्टी वाजवली. हे ओरडले, "अगं, थांब!"

मी ओरडून सांगितलं, "उतरता येत नाही!" आणि गेले.

एकटीनं जंगल काढलं, उतार काढला, आणि आमच्या दारातल्या पेंढ्याच्या उडव्यात शिरले.

आई ओट्यावर बसली होती. गुडघा सुजून भोपळा झालेला. मी पेंढ्यातून उठून तिच्या पाया पडले. तिनं माझ्या डोक्यावरची काडी काढली. मग सायकलकडं बघितलं, मागचं कॅरिअर हातानं दाबून बघितलं. मला वाटलं आता रडेल किंवा ओरडेल. ती म्हणाली, "ओट्यावरनं बसाया येईल का गं मला यावर?"

पुढचं मला बाळूनं सांगितलं. तिघं पोचले तेव्हा दाराला कडी होती. ओट्यावर शेजारीण तांदूळ निवडत बसलेली. अंगणातून एकाच सायकलच्या चाकाची रेघ निघून खिंडीकडं गेलेली, मागच्या चाकाची चांगली खोल रुतलेली. मास्तर वाकून ती रेघच बघत राहिले.

ह्यांनी शेजारणीला विचारलं, "दोघी कुठं गेल्या?"

"माहेरी."

ह्यांनी पुन्हा विचारलं, "कुणाच्या?"

"ते नाय सांगितलं," शेजारीण म्हणाली. "पिठलं झाकून ठेवलंय. घ्या वाढून."